'वातावरण आलंय' – बरोबर की चूक?

गोदाकाठची

परवा सकाळी दूधवाले दादा दारात कॅन टेकवत म्हणाले, "वहिनी, वातावरण आलंय. आज द्राक्षवाल्यांची झोप गेली." मी वर पाहिलं, तर समोरच्या गच्चीवरच्या टाकीपर्यंत राखाडी ढग उतरलेले. आतून सासऱ्यांचा आवाज आला, "वातावरण गेलं कुठे होतं, म्हणून आलं?" अण्णा निवृत्त मराठीचे शिक्षक, त्यामुळे हे व्हायचंच. दादा हसले, लिटरचं माप भरून ओतलं आणि निघून गेले. मला मात्र तेव्हापासून तो शब्द सोडत नाहीये.

माघ संपत आला की नाशिकची हवा घडीघडीला बदलते. पहाटे स्वेटर, दुपारी पंखा, रात्री परत गोधडी, आणि मध्येच एखादा दिवस असा ढगांचा. तुमच्याकडे या दिवसांना काय म्हणतात? 'वातावरण' म्हणजे ढग, हे तुम्हीही ऐकलंय का?

निफाडकर

ऐकलंय काय, दिवसातून दहादा म्हणतो! आमच्या बागेत 'वातावरण' म्हणजे ढगाळ, दमट हवा आणि तिच्या मागोमाग येणारी भुरी, म्हणजे द्राक्षावरची पांढरी बुरशी. कुणी फोनवर नुसतं "वातावरण आलं रे" म्हटलं की समोरचा विचारतो, "मग फवारणी कधी?"

थंडीला मात्र आम्ही वातावरण म्हणत नाही. आमच्या निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पेपरात आला की तो 'कडाका'. त्याचा त्रास वेगळा. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे द्राक्ष पिकायला लागायच्या वेळी कडाका पडला तर मणी तडकतात. म्हणून पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं. विहिरीचं पाणी त्या वेळी हाताला कोमट लागतं, तेवढीच मुळांना ऊब. ढग आले तर कडाका मोडतो. जमिनीची ऊब ढग रात्रभर धरून ठेवतात, पण मग भुरी. आभाळ उघडं असलं तरी जागरण, भरलेलं असलं तरी जागरण. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी बघितली, त्यांना तर हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो.

व्याकरणवाला

भावना समजल्या, पण शब्द चुकीचाच आहे. वात अधिक आवरण, म्हणजे पृथ्वीभोवतीचं हवेचं वेष्टण. ते येत नाही, जात नाही. 'वातावरण ढगाळ आहे' किंवा 'हवा ढगाळ आहे' म्हणावं. अण्णांशी सहमत.

गोदाकाठची

तुमचा निरोप अण्णांना वाचून दाखवला, खूश झाले. पण मला पटलं नाही.

आपण "वास येतोय" म्हणतो तेव्हा कुणी 'कसला, चांगला की वाईट?' असं विचारत नाही, नाकाला पदर लावतो. "नजर लागली" म्हणजे वाईट नजर, हेही सांगावं लागत नाही. नेहमी असणारी गोष्ट त्रास द्यायला लागली की तिचं विशेषण गळून पडतं आणि नाम एकटंच सगळा भार उचलतं. 'वातावरण'चं तेच झालंय. दूधवाल्या दादांना ऑक्सिजन-नायट्रोजनबद्दल काही सांगायचं नव्हतं.

आणि "आभाळ आलंय" हे तर आपण सगळेच म्हणतो. आभाळ तरी कुठे गेलेलं असतं? इथे मी अण्णांना गाठलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनीच सांगितलं, आभाळ हा शब्द संस्कृत 'अभ्र' पासून आला, आणि अभ्र म्हणजे ढग. म्हणजे "आभाळ आलं" यात चूक काहीच नाही, तोच मूळ अर्थ. ढगाचा शब्द पसरत पसरत अख्ख्या आकाशाचा झाला. 'वातावरण' उलट्या वाटेने निघालंय, अख्ख्या हवेचा शब्द आखडत आखडत ढगावर येऊन बसला. दोघांची गाठ दूधवाल्या दादांच्या कॅनपाशी पडली, असं मी म्हटलं. अण्णांनी चष्मा पुसला. मान्य केलं असं नाही म्हणत.

बागलाणची लेक

आमच्या सटाण्याकडे अहिराणीत 'आभाय'. ळ चा य होतो. आईच्या तोंडी ढग हा शब्द मी क्वचित ऐकला, सगळं आभायच. वातावरण मात्र भाऊ म्हणतो, कांद्यावर करपा रोग पडेल या काळजीने. आईला ते शहरी वाटतं, भावाला आभाय गावठी वाटतं.

जाता जाता एक विचारते. थंडी 'वाजते' का? ऊन लागतं, पाऊस लागतो, मग थंडीच का वाजते? मुलीने विचारलं, उत्तर देता आलं नाही.

व्याकरणवाला

दात वाजतात म्हणून, असं सांगून लोक मोकळे होतात. पण 'वारा वाजतो' हा प्रयोगही जुना आहे, आणि वाऱ्याला दात नाहीत. वाऱ्यावरून वाजणं थंडीकडे आलं असावं, हे मला जास्त पटतं.

आणखी एक घ्या मुलीसाठी. हिवाळा म्हणजे हिमकाल, उन्हाळा म्हणजे उष्णकाल. शेवटचा 'आळा' हा काळच आहे. 'ऊन' लिहिताना ह दिसत नाही, पण 'उन्हात' म्हटलं की येतो, कारण तो उष्ण मधून उण्ह होऊन आलेला. लपून बसला होता इतकंच.

गोदाकाठची

हिमवरून आठवलं, माझी आजी थंडीला थंडी म्हणायचीच नाही. 'हीव'. माघस्नानाला पहाटे गंगेवर जायची (नाशिकच्या बाहेरच्यांसाठी, गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), परत आली की ओलं लुगडं दोरीवर टाकत म्हणायची, "हीव भरलं गं, चहा टाक." आता हीव फक्त हिवतापात उरलंय, आणि 'काकडणं' हॉटेलच्या बाहेर टपरीवर हात चोळणाऱ्या म्हाताऱ्यांकडे. आमच्या मुलांना सगळंच 'कूल'. ते असो.

निफाडकर

थंडी जाते कधी, यावरही आमच्याकडे दोन पक्ष. एक म्हणतो, महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते. दुसरा म्हणतो, होळी जळाली, थंडी पळाली. २०२४ साली महाशिवरात्र ८ मार्चला होती आणि होळी २४ ला. म्हणजे दोन्ही म्हणींच्या मध्ये पंधरा-सोळा दिवस. वहिनी, तुमचं स्वेटर आणि पंख्याचं गणित बहुतेक त्याच दिवसांत बसतं. थंडी निरोप घेऊन उंबऱ्यात उभी असते, पण चपला घालत नाही.

बागलाणची लेक

दव, दहिवर, धुकं, धुई यांत फरक करता का तुम्ही? आमच्याकडे धुकं बघायचं असतं आणि धुई पिकाला लागायची असते. पाहुणे नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला येतात, त्यांना धुक्याचे फोटो हवेत. त्याच सकाळी शेजारचा कांदेवाला धुईला शिव्या घालतो.

दहिवर म्हणजे दवच, पण हरभऱ्यावरचं वेगळं. त्याला आंब म्हणायचं. पहाटे हरभऱ्यावर पांढरं धोतर अंथरायचं, पानांवरचं पाणी त्याने टिपून घ्यायचं आणि पिळून बाटलीत भरायचं. पोटदुखीवर चमचाभर. लहानपणी मी ते धोतर चोखलं होतं, जीभ दिवसभर सोलल्यासारखी झाली होती. हरभऱ्यातून चालत आलं की पायांची सालं जळजळायची ती याच आंबेने.

व्याकरणवाला

आंब हा फारच छान शब्द दिलात ताई. आंबट त्याच घरातला.

आणि गोदाकाठच्या ताई, तुमच्या अण्णांना माझ्यातर्फे 'मळभ' सांगा. त्यातही अभ्रच आहे, मळलेलं अभ्र. "मळभ आलं" म्हणा, अर्थ तोच आणि मला झोपही लागेल.

गोदाकाठची

सांगितलं. अण्णा म्हणाले, मळभ आहेच चांगला, पण तो मनावर येतो, दूधवाला त्याने द्राक्षाचा भाव सांगणार नाही. म्हणजे तीन दिवसांत अण्णांनी पक्ष बदललाय, याची नोंद घ्यावी.

आज सकाळी दादा आले तेव्हा ऊन पडलं होतं. मी मुद्दाम विचारलं, "गेलं का वातावरण?" ते म्हणाले, "निवळलं वहिनी." अण्णा बाहेरच बसले होते, त्यांनी पेपर खाली घेतला. पूर्वी गढूळ पाण्याच्या माठात निवळीची बी उगाळायचे, गाळ खाली बसायचा, वर पाणी निवळ. निवळ म्हणजे निर्मळ. मळभातला तोच मळ इथे निघून गेलेला.

"निवळीची बी पाहिलीय का तुम्ही?" अण्णांनी दादांना विचारलं. दादांना फाटकातून गाडी काढायची घाई होती. "पाहिलीय ना अण्णा, म्हातारीच्या डब्यात. उद्या आणतो," म्हणाले.