मदत हवी आहे: झिंक प्लेटिंगमधला सायनाइड आधी काढू की पिवळं पॅसिव्हेशन?

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं झिंक प्लेटिंगचं, म्हणजे लोखंडी पार्टवर जस्ताचा थर चढवायचं, जॉबवर्क आहे. एकच बॅरल लाइन (माल फिरत्या पिंपात घालून प्लेट करायची), माल मुख्यतः नट-बोल्ट आणि प्रेसचे बारीक पार्ट. बाथ, म्हणजे प्लेटिंगचं द्रावण, सायनाइडचा; जस्तावर हेक्साव्हॅलंट (विषारी, सहा संयुजेच्या) क्रोमचं पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे गंजरोधक लेप. एका ग्राहकाला आता दोन्ही नकोत. त्याचे पार्ट युरोपात विजेच्या उपकरणांत जातात, आणि तिथे हेक्साव्हॅलंटवर २००६ पासून निर्बंध आहेत. बाकीच्यांना पिवळाच रंग हवा, तोही जुन्याच दरात!

अल्कलाइन नॉन-सायनाइड, म्हणजे सायनाइड नसलेला क्षारीय बाथ, घ्यावा असं वाटतं. पण आमच्याकडे माल तेलकट येतो. सायनाइड ते खपवून घेतो, हा नवा बाथ खपवून घेणार नाही. दुसरा पर्याय ॲसिड क्लोराइड बाथचा; त्यात जस्त भरभर चढतं, बिडाच्या पार्टवरही बसतं. पण खाचाखोचांत थर पातळ राहतो आणि शेडमधलं लोखंड गंजतं ते वेगळंच. झेड (ZED) या सरकारी प्रमाणपत्र योजनेत सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सवलत आहे खरी, पण ती प्रमाणपत्राच्या खर्चावर. टाक्यांचे पैसे घरचेच. लाइन फार दिवस बंद ठेवता येणार नाही. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद:

आधी पॅसिव्हेशन बदला. ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेच्या, कमी विषारी) क्रोमचं पॅसिव्हेशन सायनाइड बाथमधल्या जस्तावरही चालतं, म्हणजे बाथला लगेच हात लावायला नको. फक्त पुरवठादाराकडून तुमच्याच मालावर सॉल्ट स्प्रे (मिठाच्या फवाऱ्याची गंज चाचणी) करून घ्या. ट्रायव्हॅलंटच्या जाड थराच्या प्रकाराला साधारण ६० अंश तापमान लागतं, तेव्हा हीटरचा खर्च धरा. टाकीत पडलेले नट रोज चुंबकाने काढा. लोखंड विरघळत गेलं की ते द्रावण लवकर मरतं. पिवळा धमक रंग मिळणार नाही, हे ग्राहकाला आधीच नमुना दाखवून सांगा.

त्यासोबत रिन्स, म्हणजे प्लेटिंगनंतर माल धुण्याच्या टाक्या, बदला. मालाबरोबर तासाला १ लिटर द्रावण बाहेर येत असेल आणि ते हजारपट पातळ करायचं असेल, तर एका टाकीला तासाला १००० लिटर पाणी लागतं. उलट्या प्रवाहाच्या दोन टाक्यांत तेच काम ३२ लिटरच्या आसपास होतं. एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच बदलात दिसणार नाही.

आणि सायनाइड असेपर्यंत त्याचं पाणी क्रोमच्या आम्लाच्या पाण्यात मिसळू देऊ नका, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) पाइपातसुद्धा. विषारी वायू सुटतो.

बाथचं नंतर बघू. तुमचं डीग्रीजिंग (मालावरचं तेल काढणं) गरम आहे की थंड? आणि माल त्यात किती वेळ राहतो?