ग्वाल्हेरच्या माणसानं वॉटर्लू बघायला जावं का?

दौलतगंज: उन्हाळ्यात लेकाकडे ब्रुसेल्सला जातोय. नेपोलियन शेवटचा हरला ते वॉटर्लूचं रणांगण तिथून जवळच. घरात मात्र वाद पेटलाय. ज्या वेलस्लीनं १८०३ मध्ये असईला दौलतराव शिंद्यांची फौज हरवली, तोच पुढे वेलिंग्टन झाला. त्याच्या विजयाची जागा आपण तिकीट काढून बघायची? मी म्हणतो, जरूर बघायची. त्या लढाईत आपलं कुणी नव्हतं, त्यामुळे इंग्रज, फ्रेंच, प्रशियन, सगळ्यांच्या मेलेल्यांसाठी सारखंच वाईट वाटू शकतं.

कंपू: साफ नामंजूर. असईला गेलात कधी? जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. इंग्रजांची फळी पुढे सरकल्यावर पडलेल्यांतले काही उठले आणि त्यांनी मागून पुन्हा तोफा डागल्या! वेलिंग्टन स्वतःची सर्वांत मोठी कामगिरी म्हणून असईचं नाव घ्यायचा असं सांगतात. आणि आपण बेल्जियम गाठायचं?

लष्करची लेक: मी वॉटर्लू पाहिलंय. सगळे सिंहाच्या टेकडीच्या २२६ पायऱ्या चढतात, फोटो काढतात, निघतात. ती टेकडी लढाईनंतरची, १८२६ ची. तिच्यासाठी माती उपसली ती वेलिंग्टनच्या फौजेनं धरलेल्या उंचवट्याचीच, म्हणजे रणांगणाचा मूळ आकारच बिघडला. मला त्याचा राग येतो. त्यापेक्षा रणांगणावरच्या हूगोमाँच्या वाड्यात थांबा, तो वेलिंग्टनच्या सैनिकांनी लढवला होता. बागेच्या विटांच्या भिंतीत बंदुकांसाठी फोडलेल्या जंग्या दिसतात, थेट आपल्या किल्ल्यांसारख्या. उत्तरेच्या दरवाज्यातून फ्रेंच आत घुसले होते. आतल्यांनी खांदे लावून तो पुन्हा बंद केला. तिथे उभं राहिलं की बाजू कुणाची हा प्रश्नच मनात येत नाही.

कंपू: माझ्या मनात येईल. शिंद्यांच्या गावचा आहे मी.

दौलतगंज: मग आपल्याकडचंच बघा. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ ची, आणि १८ जूनलाच इथे राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी बलिदान मेळा असतो. तिथे एखादा इंग्रज पर्यटक आला तर आपण त्याला हाकलतो का? इथे कोण पडलं, का पडलं, हे त्यानं समजून घ्यावं, एवढंच वाटतं ना? तेवढं मी तिकडे करीन.

कंपू: त्या पर्यटकाला मी स्वतः समाधी दाखवीन. पण आधी असई, हे माझं कायम. मुंबईहून विमान असेल तर दोन दिवस आधी निघा, भोकरदनवरून जाऊन या. मग वॉटर्लूला खुशाल जा.