विनोदी नाटकाची तालीम, आणि कुणीच हसत नाही ते दिवस (अनुभव सांगा)

तिसरीघंटा:
समोरच्या सोसायटीत गणपतीसाठी नाटक बसतंय. क्लबहाउसच्या खिडक्या उघड्या, त्यामुळे रोज रात्री जेवताना "अहो पण ही माझी बायको नाहीच्चे!" हे वाक्य आमच्या ताटात पडतं. सुरुवातीला त्यावर ते सगळे खिदळायचे, आता चिडीचूप. मला एकदम आमची राज्य नाट्य स्पर्धेची तालीम आठवली, सांगली केंद्र, फार्स होता, स्टेजवर पाच दारं. तालमीत कुठली दारं, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या आणि तोंडाने "धाड" म्हणायचं. मी नोकर. पहिल्या वाचनाला लोक गडाबडा लोळले होते, आणि मग तीच वाक्यं रोज ऐकून ऐकून कुणाच्या तोंडावरची माशी हलेना. मग जो तो पदरची भर घालायला लागला, कुणी तोतरं बोलतंय, कुणी उगाच धडपडतंय. दिग्दर्शक म्हणाला विनोद बंद, तुझा मालक पकडला जाणारे आणि तुझी नोकरी जाणारे, तेवढंच कर. आठवडाभर सुतकी तालीम चालली. रंगीत तालमीला भावे नाट्यमंदिरात समोर लाइटवाला, त्याचा पोऱ्या आणि आमच्या हिरॉइनचे वडील. तिघंही गप्प. आणि प्रयोगाला पहिला हशा कुठे आला, तर मी "पाणी आणू?" विचारतो तिथे! संहितेत त्या वाक्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.
तुमचेही येऊ द्या.

खमंग_काकडी:
लाफ्टरला थांबायची तालीम कशी करणार हाच तर लोच्या आहे. आमचे सर हशाच्या जागी स्वतः टाळ्या वाजवायचे आणि आम्ही थांबायचो. प्रयोगाला त्या जागा कोरड्या गेल्या आणि आम्ही सवयीने थांबलेलो, लोकांना वाटलं वाक्य विसरले 😂

तिसरीघंटा:
@खमंग_काकडी हो ना. आणि हशा आला तर पूर्ण विरेपर्यंतही थांबायचं नाही, उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. सगळं शांत झाल्यावर बोललात की नाटक परत पहिल्यापासून चढवावं लागतं.

जोशीबुवा_ठाणे:
मी ऑफिसच्या नाटकात बाईचं काम केलंय. ट्रॅकपँटवर नऊवारी नेसून तालीम, नेसवायला बायको यायची, ती रागाने कासोटा असा आवळायची की आवाज आपोआप बायकी निघायचा. पण कितीही करा हो, 'मोरूची मावशी' नाटकातली मावशी म्हटलं की विजय चव्हाणच, बाकी आम्ही सगळे उमेदवार.

वाचनवेडी:
आणि अत्र्यांनी ती मावशी आणली इंग्रजीतून, मूळ नाटक १८९२ चं, चार्लीज आंट. म्हणजे साडीच्या आधी ती गाऊनमध्ये होती.

जोशीबुवा_ठाणे:
गाऊन परवडला असता ओ 🙏

फोंडेकार:
आमच्याकडे गोंयात जत्रेचं नाटक. तालीम देवळाच्या सभामंडपात, त्यामुळे अख्ख्या वाड्याला नाटक आमच्याआधी पाठ. दर्शनाला आलेल्या म्हाताऱ्या बसून राहायच्या आणि आम्ही अडलो की प्रॉम्प्टरच्या आधी पुढलं वाक्य सांगायच्या. जत्रेच्या राती त्याच पुढच्या रांगेत, आणि पंचच्या आधीच हसून मोकळ्या! मागचे लोक विचारतात काय झालं काय झालं.

सॅनहोजेकर:
आम्ही मंडळाचं नाटक झूमवर बसवलं होतं. फार्स. झूमवर. एकाने दुसऱ्याचं वाक्य तोडायचं असतं तिथे दोघंही "तू बोल, नाही तू बोल". प्रत्यक्ष पहिल्यांदा भेटलो तेव्हा कळलं की माझा नवरा झालेला माणूस माझ्या खांद्यापर्यंत येतो. थप्पड मारायचा सीन होता, उडी मारून मारली त्याने, तोच सगळ्यात मोठा लाफ्टर.

मीनल_पुणे३०:
सगळं वाचलं नाहीये, भाजी गॅसवर आहे, पण ती बायको नक्की कुणाची निघाली? समोरच्या सोसायटीतली?

तिसरीघंटा:
@मीनल_पुणे३० कळलं नाही अजून. दुसरा अंक गच्चीवर बसवतात, ऐकू येत नाही.

खमंग_काकडी:
तालमीचा चहा विसरू नका रे. बिस्किटांवरून आमच्याकडे दोन गट पडले होते. खलनायक ग्लुकोजवाला.

दादरचा_दादा:
स्पर्धेला किंवा तिकीट लावून करणार असाल तर परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकांचं सेन्सॉर) सर्टिफिकेट आधी काढा, लोक नारळ फोडायच्या दिवशी जागे होतात. बाकी माझा अनुभव असा की शेवटच्या दोन तालमींत कुणीतरी बाहेरचं बसवावं, शक्यतो ज्याला नाटकातलं काही कळत नाही असं. आमच्याकडे हॉलचा वॉचमन बसायचा. तो ज्या वाक्याला तंबाखू मळायचा थांबला ते वाक्य ठेवलं.

नवीन_सभासद:
विषय थोडा वेगळा आहे, सॉरी. जुना काळा डायलचा फोन आहे का कुणाकडे, पुण्यात? शनिवारी रंगीत तालीम आहे. वाजला नाही तरी चालेल, विंगेतून सायकलची घंटी वाजवणार आहोत.

मीनल_पुणे३०:
आहे, पण सासऱ्यांचा आहे, विचारून सांगते. रिसीव्हर आपटायचा सीन नाहीये ना?

नवीन_सभासद:
...आहे