पासवर्डने हे भोक बुजत नाही

जुन्या अनरियल आयआरसीडीला (आयआरसी चॅटसाठीचं सर्व्हर सॉफ्टवेअर) कनेक्शन पासवर्ड लावला की ते सुरक्षित, असं काही जण म्हणतात. त्याच्या 3.2.8.1 आवृत्तीबाबत ते अजिबात खरं नाही. नोव्हेंबर 2009 च्या सुमारास काही मिरर सर्व्हरवरची (डाउनलोडसाठी प्रती ठेवणारे सर्व्हर) मूळ टार-जीझिप फाइल, म्हणजे सोर्स कोडचं पॅकेज, कुणीतरी बदलून त्यात चोरदरवाजा घातला, आणि जून 2010 पर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. हा चोरदरवाजा सॉकेटवरून, म्हणजे नेटवर्क कनेक्शनवरून, डेटा वाचतानाच चालतो: ओळ 'एबी' या दोन अक्षरांनी सुरू झाली की ती थेट 'सिस्टम' फंक्शनकडे जाते आणि मशीनवर कमांड म्हणून चालते. पासवर्ड, बॅन, युजरची नोंदणी हे सगळं नंतर तपासलं जातं, त्यामुळे त्यांचा उपयोग शून्य. डीमन (पार्श्वभूमीत चालणारा हा सर्व्हर प्रोग्राम) रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याने, चालवत असाल तर अख्खं मशीनच गेलं.

तपासायचं असेल तर इन्क्लुड फोल्डरमधल्या स्ट्रक्ट-डॉट-एच फाइलमध्ये 'डीबग3_डोलॉग_सिस्टम' (रोमन कॅपिटलमध्ये) ग्रेप कमांडने शोधा. दोन ओळी दिसल्या तर प्रत बाधित, काहीच आलं नाही तर ठीक. 3.2.8 आणि त्याआधीच्या आवृत्त्या, तसंच विंडोजच्या अधिकृत तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेल्या फाइल) यातून सुटल्या होत्या. बाधित निघाली तर नुसतं पुन्हा कंपाइल करून भागणार नाही, मशीन नव्याने बसवा.