मदत हवी आहे : वडिलांच्या क्लिपर प्रोग्रॅमच्या जुन्या फ्लॉप्या

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. माझ्या वडिलांनी चादर कारखान्यांसाठी क्लिपर या डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमिंग भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला होता : सुताची आवक, मागावर किती नग निघाले, विणकरांची आठवड्याची मजुरी, उचल वजा करून हातात किती. पडद्यावर सगळं मराठीत, संगणकात भारतीय लिप्या दाखवणारं सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावून. वडील आता नाहीत. कपाटात सव्वापाच इंची एकवीस फ्लॉप्या सापडल्या, त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट.

चालू एक्झी फाईल एका जुन्या हार्ड डिस्कवर मिळाली, ती डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्रॅम आजच्या संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) उघडतेही. पण जिस्ट कार्ड नसल्याने मराठीच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. मला खरं हवंय ते सोर्स, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या मूळ कोडच्या पीआरजी फायली. उचलीचा हिशोब त्यांनी कसा बसवला होता, ते त्यातच कळेल.

यूएसबीचे फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंचीच मिळतात. ग्रीसवीझल या यूएसबीने संगणकाला लावायच्या बोर्डाला जुना सव्वापाच इंची ड्राइव्ह जोडून वाचता येतं, असं समजलं. सोलापूर किंवा पुण्यात कुणाकडे चालू ड्राइव्ह आहे का? काही फ्लॉप्यांवर बुरशी आहे, त्या आधी कशा पुसाव्यात? घाईने एकही घालवायची नाही.

शिवाय इस्की (भारतीय लिप्यांची जुनी संगणकी संकेतपद्धत) मजकूर युनिकोडमध्ये नेण्याचा कुणाला अनुभव आहे का? सोर्स हाती आलं की खुल्या परवान्याखाली ठेवून सॉफ्टवेअर हेरिटेज या सोर्स कोड जपणाऱ्या संग्रहात पाठवायचंय. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने २०१६ साली तो सुरू केला. आईचीही तीच इच्छा आहे.

फ्लॉप्या कुरिअरने पाठवणार नाही, मी स्वतः घेऊन येईन.