सोसायटी मैत्रिणी ग्रुप: पाय उशीवर, लोकर डाव्या हातात

ए-२०१: पायाची चौकशी करणाऱ्या सगळ्यांना एकदमच सांगते. हाड शाबूत आहे, घोटा मुरगळलाय. क्रेप बँडेज आहे, सूजही उतरतेय, पण पाय खाली सोडून बसायला डॉक्टरांनी मनाई केलीय. म्हणून दुपारभर पाय उशांवर आणि हातात विणकाम. फोटोतली बाळटोपी बघा, शिवण कुठेच नाही!

सी-५०२ आजी: अगं किती सुबक झालीय! चार सुयांवर केलीस का? आम्ही पायमोजे तसेच करायचो.

ए-२०१: नाही आजी, एकच सुई. दोन टोकं आणि मध्ये लांब लवचीक वायर. सगळे टाके घातले की मधोमध वायर चिमटीत धरून बाहेर ओढायची. अर्धे टाके पुढच्या टोकावर, अर्धे मागच्या. मागचं टोक ओढून घेतलं की मागचे टाके वायरवर सरकतात, आणि त्या मोकळ्या टोकाने पुढचे विणायचे. मग काम फिरवायचं, पुन्हा तेच. याला मॅजिक लूप म्हणतात. वायर निदान ८० सेंमीची हवी, १०० ची असेल तर हात जास्त मोकळे चालतात. पहिला फेरा जोडताना मात्र टाके सुईवर पिळले गेले नाहीत ना ते नीट बघायचं. पीळ राहिला तर पुढे उसवण्यावाचून इलाज नाही.

बी-१०४: ताई, मी हे मागे करून बघितलं होतं. दोन भाग मिळतात तिथे शिडीसारखी फट पडत गेली, म्हणून सोडून दिलं 😔

ए-२०१: पडते गं, सगळ्यांनाच पडते. प्रत्येक भागाचा पहिला टाका विणलास की लगेच दुसरा विण आणि मग लोकर ताणून घे. नुसता पहिलाच आवळला तर तो परत सैल होतो. थोडी फट उरली तरी धुतल्यावर बरीच बसते.

पण मला खरी सांगायचीय ती डाव्या हाताची गोष्ट. आपण बहुतेक जणी लोकर उजव्या हातात धरतो आणि दर टाक्याला सुईभोवती फिरवतो. जर्मनीकडे लोकर डाव्या तर्जनीवर ताणून धरतात आणि उजवी सुई ती फक्त उचलून आणते. हात इतका कमी हलतो की खांदा भरून येत नाही. अडतं ते उलट टाक्यावर, डाव्या हाताने तो सुरुवातीला फार जड जातो. आणि इथेच गोल विणकाम कामाला येतं. सपाट विणताना काम पालटून परतीच्या ओळीत उलट टाके घालावे लागतात; गोल विणताना कामाची सुलट बाजू कायम आपल्याकडे असते, त्यामुळे साध्या विणीत उलट टाका घालावाच लागत नाही! म्हणून माझं ठाम मत आहे, डावा हात शिकायचा तर सपाट पट्टीवर नको, टोपीवर शिका.

सी-५०२ आजी: अगं पण टोपीला काठ नको का? एक सुलट एक उलट तर हवंच.

ए-२०१: नाही घातला तरी चालतो आजी. नुसत्या सुलट विणीची कड आपोआप वर गुंडाळते, फोटोत खाली आहे तीच. फक्त त्या गुंडाळीसाठी लांबी जरा जास्त ठेवायची.

बी-४०३ फिजिओ: मस्त झालीय टोपी ताई! मधूनमधून सुई खाली ठेवा, मान आणि बोटं मोकळी करा. डॉक्टरांनी घोटा हलवायला सांगितलं असेल तर पावलाने हवेत अ आ इ ई काढा, सगळ्या दिशांना हालचाल होते. दुखलं की थांबायचं.

ए-२०१: सांगितलंय डॉक्टरांनी. एक फेरा झाला की एक अक्षर, असंच करते आता 🙏

बी-१०४: सुई कुठली घेऊ? नेटवरच्या अमेरिकन पॅटर्नमध्ये ८ नंबर लिहिलाय.

सी-५०२ आजी: आपल्याकडे नंबर वाढतो तशी सुई बारीक होते बरं का.

ए-२०१: हो, त्यांचं बरोबर उलटं. अमेरिकन ८ म्हणजे ५ मिमी आणि आपली ८ नंबर म्हणजे ४ मिमी. नंबर सोड, मिमी बघून घे. आणि मापाचा नमुना गोलच विणून बघ. सपाट पट्टीत बऱ्याच जणींच्या उलट ओळी सैल पडतात, मग टोपीचं माप चुकतं.

बी-१०४: तुळशीबागेत शनिवारी जाणारच आहे. तोवर तुमची सुई बघायला येऊ का?

ए-२०१: ये की. ५ मिमीची १०० सेंमीवाली एक जास्तीची आहे, तीच वापर. लोकर जरा जाड आणि फिकट रंगाची आण. काळी, नेव्ही ब्लू नको, शिकताना टाके दिसत नाहीत. बाळासाठी केसाळ लोकरही नको, तोंडात जाते.

सी-५०२ आजी: मीही येते. टोपी तुम्ही दोघी करा, मला तो डाव्या हाताचा उलट टाका दाखव.

ए-२०१: या आजी, चारला या. चहाचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल 😊

बी-१०४: चहा मी करते!