न सांगता दळू लागलेली माणसं (अनुभव धागा)

आमचं गाव गंगाखेडजवळचं, म्हणजे जनाबाईच्या मुलखातलं. कुणी न सांगता हातभार लावला की आजी म्हणायची, "आला गं बाई विठू दळायला." डोक्यावर मोळी उचलून देणारा असो की एसटीत जागा देणारा, तिच्या लेखी सगळे विठूच. 'धन्यवाद' हा शब्द मात्र तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. आपल्याकडं घरच्या माणसाला धन्यवाद म्हणून बघा, तो आधी विचारतो, "काय झालं, बरं हाय ना?"

तर तुमच्याकडं विठू कधी आला होता ते लिहा. 'आयुष्य सुंदर आहे' छापाचे सुविचार नकोत, ते रोज सकाळी फोनवर येतातच.

सुरुवात मी करतो. आई संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात होती. वॉर्डात गर्दी झाली की खाटा इकडून तिकडं सरकवायचे, आणि मी रात्री डबा घेऊन आलो की आई सापडायची नाही. तिसऱ्या दिवशी बघतो तर आईच्या सलाईनच्या दांडीला लाल चिंधी बांधलेली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं स्वतःच्या पदराचा काठ फाडून बांधली होती. "लेकरू हुडकत बसतंय रोज," एवढंच बोलली. तिचं गाव विचारायचं राहून गेलं.

लातूर (तेव्हा), आता पुणे

2016. बारावीला लातुरात खोली करून राहिलो होतो. क्लासची पोरं त्या वर्षी घरमालकांना नकोशी झाली होती. नळाला दिवसेंदिवस पाणी नव्हतं आणि पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून टाक्यांपाशी जमावबंदी लावलेली. आमच्या मालकीणबाईंनी भिंतीवर खडूनं रकाने आखले होते. माणशी एक घागर. घेतली की रेघ मारायची. आम्ही मागं त्यांना कंजूष म्हणायचो. तांदूळ धुतलेल्या पाण्यात त्या भाजी धुवायच्या, तेच मग भांड्यांना, शेवटचं गढूळ तुळशीला.

फिजिक्सच्या पेपराला सकाळी खोलीबाहेर दोन बादल्या भरून ठेवलेल्या. "आज डोक्यावरून घे." मी घेतली. संध्याकाळी भिंतीकडं लक्ष गेलं तर त्यांच्या स्वतःच्या रकान्यात त्या दिवसाची एकही रेघ नव्हती.

12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. 10 वाघिणी (टाकीचे डबे), 5 लाख लिटर. अख्खं लातूर बघायला. गर्दीत मालकीणबाई भेटल्या, पदर डोक्यावर घेऊन टक लावून बघत होत्या. मला म्हणाल्या, "एवढ्या लांबून यायलंय, वाटंत सांडत असंल का रं?"

बीड जिल्हा, धारूरकडची

आईबाप दसऱ्यानंतर कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला जायचे, गुढीपाडव्याच्या मागंपुढं परत. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असायची, न जाऊन सांगता कुणाला. मी आजीपाशी. आजीला दिसायचं कमी, वेणी घालता यायची नाही. शेजारची काकू रोज शाळेच्या वेळेला उंबऱ्यावर येऊन बसायची. "ये, मव्हे हात रिकामेच हायेत." रिकामे कुठले! पुढ्यात पाटीभर तूर निवडायची पडलेली असायची.

एका वर्षी आई आली आणि हौसेनं वेणी घालायला बसली. मी बोलून गेले, "काकूवानी घाल की." आईचे हात थांबले. उसाच्या पाचटानं चिरलेले हात ते, केस अडकायचे त्यात. दुसऱ्या दिवशी ती एक नवं लुगडं घेऊन काकूकडं गेली. मांडीवर ठेवलं, आणि दोघी किती तरी वेळ पावसापाण्याचं बोलत बसल्या. माझं नाव एकदाही निघालं नाही.

किल्लारीच्या अलीकडचं गाव

थोडं वेगळं लिहितो, चालत नसेल तर काढा. 30 सप्टेंबर 1993, भूकंपाची पहाट. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले, चार वाजायला चार मिनिटं कमी. आमच्या भिंती दोन-दोन हात जाड, दगडमातीच्या, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून पाहुणे ज्याचं कौतुक करायचे तेच अंगावर आलं. मी सात वर्षांचा. एका अनोळखी माणसानं हातानं माती उपसून मला काढलं. तोंड आठवत नाही, त्याची नखं आठवतात.

त्या माणसाचा मी जन्मभर ऋणी. पण "देवाची कृपा, वाचलास" असं कुणी म्हणलं की अजून डोकं फिरतं. आत बहीण होती. देवाचं आणि माझं मिटलेलं नाही.

(धागाकर्ता: काढणार नाही. असू द्या इथंच.)

धाराशिवची सून, माहेर नाशिक

माझं हलकंफुलकं. लग्नानंतरची पहिली येळवस. मला वेळ अमावस्या, म्हणजे शेतात पूजा करून येईल त्याला जेवू घालायचा सण, माहीतच नव्हती. पहाटे तीनला सासूबाईंनी उठवलं. उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), आंबील आणि ती भज्जी, जिच्यात शेतातलं हिरवं म्हणून जे काही असतं ते सगळं पडतं. शेतात कडब्याची कोप (खोपटं), आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले. पूजा झाल्यावर सासरे रस्त्याच्या कडेला जाऊन उभे. येईल त्याला थांबवायचे, "चला, जेवून जा." एक मोटारसायकलवाला घाबरून म्हणाला, गाडीची कागदपत्रं आहेत माझ्याकडं! त्याला वाटलं तपासणी. तोही शेवटी तीन गाडगी आंबील पिऊन गेला, आणि जाताना कुणी कुणाचे आभार मानले म्हणाल तर सासऱ्यांनी त्याचे.

हिंगोली

बांधावरून शेजाऱ्याशी बारा वर्षं कोर्टात आहे. बोलणं बंद. दोन सालांमागं ऑक्टोबरात सोयाबीन कापून सुडी (ढीग) लावली, मळणी यंत्र सकाळी यायचं होतं. सासुरवाडीला मयत झाली, तिकडं गेलो. रात्री पावसानं झोडपलं. आता वर्ष गेलं, असंच धरून चाललो होतो.

सकाळी शेतात आलो तर सुडीवर ताडपत्री, कडेनं दगड ठेवलेले. दगड बांधाचेच, ज्याच्यावरून केस चालू आहे त्या. ताडपत्रीच्या एका कोपऱ्याला ट्यूबचं ठिगळ. ते कुणाचं हे मला पक्कं माहीत, कारण बोलणं चालू होतं तेव्हा मीच लावून दिलेलं.

ताडपत्री वाळवली, घडी घालून बांधावर ठेवली. दुपारपर्यंत गेली होती. दगडांची मात्र पंचाईत. परत ठेवायचे तर कुठं? तो म्हणतो तिथं, का मी म्हणतो तिथं? अजून सुडीच्या जागेवरच पडलेत. पुढची तारीख दिवाळीनंतर आहे.